उशाशी राहिलेलं अर्धं पुस्तक

प्रश्न : माझं वय ४७. आठ महिन्यांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला. ५२ वर्षांचा होता, कसला आजार नव्हता. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. चौथ्या दिवशी त्याच्या ऑफिसातले एक जण भेटायला आले आणि आमच्याच खोलीत बसून फोनवर 'त्याच्या जागेवर आता कोण' याची चौकशी करत राहिले. ते अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून रात्री तीनच्या सुमाराला दचकून जाग येते. एक दिवस मीही नसेन, हा एकच विचार. मग एवढं सगळं कशासाठी? दिवसा कामं चालू असतात, जेवते, बोलते, हसतेही. मैत्रीण म्हणते, दुःखाचे पाच टप्पे असतात आणि तू मधेच अडकली आहेस. एका सहकाऱ्याने मृत्यू आणि जगण्याचा अर्थ यांवरच्या अकरा पुस्तकांची यादी दिली. पहिलं होतं 'द डिनायल ऑफ डेथ'. तिसाव्या पानापुढे जाता आलं नाही. नवरा म्हणतो, असलं वाचून आणखी खचशील. आई ७६ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. ती दादाचं नाव काढत नाही, मीही काढत नाही. दादाच्या उशाशी एक रहस्यकादंबरी होती, २१४व्या पानाचा कोपरा दुमडलेला. ती आणून कपाटात ठेवली आहे, पण उघडवत नाही. मी काय वाचू? की वाचूच नको?

उत्तर : वाचा. पण ती अकरा पुस्तकांची यादी घडी करून ठेवून द्या, आणि तिसाव्या पानावर थांबलात म्हणून स्वतःला बोल लावू नका.

मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. ज्याच्या घरचं माणूस नुकतंच गेलं आहे तो काउंटरवर येऊन 'मरणावरचं काही आहे का' असं सहसा विचारत नाही. तो तत्त्वज्ञानाच्या कपाटापाशी रेंगाळतो, एखादं पुस्तक काढतो, उभ्याउभ्या पानभर वाचतो आणि परत ठेवतो. मला लांबूनच कळायचं, आणि मी तिकडे जायचं टाळायचे. जुनी पुस्तकं बांधणीला देण्याआधी पानं तपासावी लागत. या विषयावरच्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीच्या खुणा सगळ्यात जास्त असायच्या. मी त्या कधी खोडल्या नाहीत.

पण माझे यजमान गेले तेव्हा या सगळ्या पुस्तकांच्या मधोमध बसूनही मला वर्षभर एक पान सलग वाचता आलं नाही. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हातातून निसटायची. आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटून मी घाबरले होते. दुःखात माणसाचं लक्ष ठरत नाही, इतकी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

शिवाय तुमच्या सहकाऱ्याने सुरुवातच फार चढावरून करून दिली. अर्नेस्ट बेकर यांचं ते पुस्तक १९७३ सालचं. महत्त्वाचं आहे यात शंका नाही. आपण मरणार ही जाणीव माणसाला पेलत नाही, म्हणून कीर्ती, संपत्ती, घराणं, स्मारकं असं आपल्यामागे टिकेल ते काहीतरी तो उभं करत राहतो, हे त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायला ते मनोविश्लेषक फ्रॉइडपासून तत्त्वज्ञ किर्केगार्डपर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावतात. पुस्तक आल्यावर काही महिन्यांतच, मार्च १९७४मध्ये, बेकर ४९व्या वर्षी कर्करोगाने गेले. त्या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं ते त्यानंतर दोन महिन्यांनी. चार-पाच वर्षांनी, मन थोडं बसलं की ते जरूर वाचा. आज नको.

आता ते पाच टप्पे. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण या टप्प्यांनी अनेक दुःखी माणसांना उगाच परीक्षेला बसवलं आहे. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी 'ऑन डेथ अँड डाइंग' हे पुस्तक १९६९मध्ये लिहिलं ते असाध्य आजार झालेल्या रुग्णांशी बोलून. नाकारणं, चिडणं, घासाघीस करणं, खचणं, स्वीकारणं, हे त्यांनी पाहिलं ते ज्यांना स्वतःला मरायचं होतं त्यांच्यात. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. पुढे त्यांनी स्वतःच्या अखेरच्या पुस्तकात लिहिलं की हे टप्पे फार चुकीचे समजले गेले, विस्कटलेल्या भावना नीटनेटक्या कप्प्यांत बसवायला ते नव्हतेच. तुम्ही कुठेही अडकलेल्या नाही. भाऊ जाऊन आठ महिने झाले आहेत, एवढंच.

तुमच्या पत्रात मला तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. दादा गेला. मीही जाणार. मग हे सगळं कशाला? रात्री तीन वाजता ते एकच वाटतात, पण ते वेगवेगळे आहेत आणि त्यांची पुस्तकंही वेगळी आहेत. ज्या माणसाला आपल्या माणसाची आठवण छळते आहे त्याच्या हातात विश्वाच्या निरर्थकतेवरचा ग्रंथ दिला तर तो तिसाव्या पानावर मिटणारच.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण झोप तोच मोडतो. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा घ्या. १८८६ सालची, शंभरेक पानांची. तुमच्या खोलीत बसून फोन करणारे ते गृहस्थ तुम्हाला पहिल्याच प्रकरणात भेटतील. कोर्टात मधल्या सुट्टीत बसलेल्या मंडळींना वर्तमानपत्रात इव्हान इलिचच्या निधनाची बातमी दिसते. प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो बदली-बढतीचा : त्याच्या जागेवर कोण, आणि त्या माणसाच्या जागेवर कोण. दुसरा विचार, की मेला तो, मी नाही. मग ते सांत्वनाला जातात. तिथे विधवा एका मित्राला बाजूला घेऊन सरकारकडून आणखी काही पैसे निघतील का ते विचारते. टॉलस्टॉय यातल्या कुणालाही राक्षस करत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. ती साधी माणसं आहेत. मरण इतकं जवळ आलं की नजर चटकन दुसरीकडे वळवतात, आणि वळवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ऑफिस. त्या गृहस्थांना तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. पण ते प्रकरण वाचताना त्या दिवशी तुमच्या पोटात जे ढवळलं होतं ते एका माणसाने शब्दन् शब्द लिहून ठेवलेलं आहे, हे कळेल. मला स्वतःला असं काही सापडलं की श्वास जरा मोकळा होतो.

इव्हान इलिच ४५ वर्षांचा न्यायाधीश. नव्या घरात पडदा कसा लावायचा ते दाखवताना शिडीवरून घसरतो, कुशीला मुका मार लागतो. तिथून दुखणं सुरू होतं. एके ठिकाणी तो शाळेत शिकलेलं तर्कशास्त्राचं उदाहरण आठवतो : केयस माणूस आहे, माणसं मर्त्य आहेत, म्हणून केयस मर्त्य आहे. केयसच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे, त्याला वाटतं. पण मी केयस नाही. मी लहानपणी वान्या होतो, मला आईबाबा होते, खेळणी होती, पट्ट्यापट्ट्यांचा एक चामड्याचा चेंडू होता आणि त्याचा वास मला आवडायचा. त्या चेंडूचा वास केयसला ठाऊक होता का?

तुमचे रात्रीचे तीन वाजतात ते इथे. माणसं मरतात हे तुम्हाला सत्तेचाळीस वर्षं माहीत होतं. दादाबरोबर वाढलेली, त्याच्या पाठीमागे धावलेली ती मुलगी मरणार, हे आठ महिन्यांपूर्वी कळलं. ही दोन ज्ञानं वेगळी आहेत. महाभारतातला यक्ष युधिष्ठिराला विचारतो की आश्चर्य कोणतं, तेव्हा तो म्हणतो : रोज प्राणी यमाच्या घरी जाताना दिसतात, तरी उरलेल्यांना आपण कायम राहू असं वाटतं, याहून मोठं आश्चर्य कोणतं? ते आश्चर्य तुमच्या बाबतीत मोडलं आहे. मोडताना असाच आवाज होतो.

त्याच कथेत गेरासीम नावाचा एक तरुण नोकर आहे. घरातले सगळे, डॉक्टरसुद्धा, इव्हान इलिचला 'बरं वाटेल' म्हणून खोटं बोलत असतात आणि त्या खोट्याने तो दुखण्यापेक्षा जास्त पिचतो. गेरासीम खोटं बोलत नाही. पाय वर धरले की मालकाला बरं वाटतं, म्हणून तो रात्र-रात्र त्याचे पाय खांद्यावर घेऊन बसतो. सगळ्यांनाच एक दिवस जायचंय, मग थोडे कष्ट का घेऊ नयेत, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीत त्या पानाच्या समासात तीन उभ्या रेघा होत्या, तीन निरनिराळ्या पेन्सिलींच्या. एक इतकी दाबून ओढलेली की कागद फाटायला आला होता. कुणाच्या हातच्या होत्या ते मला कधीच कळलं नाही, पण त्या तिघांनी आयुष्यात कुणाचे तरी पाय धरले असतील किंवा धरायचे राहून गेले असतील, असं मी नेहमी समजत आले.

शेवट इथे सांगत नाही. एक मात्र सांगते, शेवटची काही पानं भयंकर आहेत. ती दुपारी वाचा, आणि घरात कुणी असताना वाचा.

आता दादा. जोन डिडियन या अमेरिकन लेखिकेचं 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' २००५मध्ये आलं. ३० डिसेंबर २००३च्या रात्री, अतिदक्षता विभागात बेशुद्ध असलेल्या मुलीला भेटून हे नवरा-बायको घरी आले, जेवायला बसले, आणि बोलता बोलता नवरा कोसळला. त्यापुढचं वर्ष त्यांनी लिहिलं आहे. अतिशय कोरड्या, नेमक्या भाषेत, कुठेही गळा न काढता. त्यात एक प्रसंग नवऱ्याचे कपडे देऊन टाकण्याचा आहे. कपडे त्या बाजूला काढतात, बुटांपाशी हात थांबतो. तो परत आला तर त्याला बूट लागतील ना! ही बाई भाबडी नव्हती. नवरा गेला आहे हे तिला पक्कं माहीत होतं, शवविच्छेदनाला तिनेच संमती दिली होती. आणि तरीही बूट. दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच डोक्यात राहू शकतात, हे तिने उघडपणे लिहिलं.

तुमच्या कपाटातली ती रहस्यकादंबरी म्हणजे ते बूट आहेत. तिच्याकडे मी शेवटी येते.

इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर नामदेवांचे समाधीचे अभंग काढा. १२९६मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तो प्रसंग नामदेवांनी सविस्तर गायला आहे. मला त्यात एक गोष्ट अतिशय मोलाची वाटते. जाणारा साक्षात ज्ञानेश्वर, एकविशीतला, स्वतःच्या इच्छेने, शांतपणे निघालेला. मागे राहणारेही अज्ञानी नाहीत, निवृत्तिनाथ तर त्याचे गुरू. देह नाशवंत आहे हे यांना सांगायची काय गरज? आणि तरीही सगळे रडतात, नामदेव तर आवरतच नाहीत. 'नामा म्हणे आता लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ'. पुढच्या वेळी कुणी 'जायचंच असतं प्रत्येकाला, किती दिवस रडायचं' असं म्हणालं की तुम्ही मनातल्या मनात नामदेवांकडे बघा. शहाणपण आलं की रडू थांबतं, असं या अभंगांत तरी दिसत नाही.

'कशासाठी' हा तिसरा प्रश्न. तो दुबळ्या मनाचा प्रश्न आहे असं तुमच्या यजमानांना वाटत असेल तर त्यांना पुन्हा टॉलस्टॉयकडेच पाठवा. पन्नाशीच्या आसपास, प्रकृती ठणठणीत, भरलेलं घर, जगभर नाव, 'युद्ध आणि शांती' व 'अॅना कॅरेनिना' लिहून झालेल्या, आणि या माणसाला एक दिवस 'पुढे काय, कशाला' असं वाटायला लागलं ते थांबेना. आपण काही करून बसू या भीतीने त्याने घरातला दोर दृष्टीआड केला आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं. हे सगळं त्याने 'कबुली' या लहानशा पुस्तकात लिहिलं आहे. त्यात तो पूर्वेकडची एक जुनी गोष्ट सांगतो : वाटसरू विहिरीत पडलाय, खाली अजगर, वर श्वापद, हातात धरलेलं झुडूप एक पांढरा आणि एक काळा उंदीर कुरतडतायत, आणि पानांवर मधाचे थेंब आहेत ते तो चाटतोय. टॉलस्टॉय म्हणतो, मला अजगर आणि उंदीर दिसले, आता तो मध मला गोड लागत नाही.

ही गोष्ट आपल्या महाभारतातही आहे, स्त्रीपर्वात. आणि तिथे ती विदुर कुणाला सांगतो? धृतराष्ट्राला. शंभरच्या शंभर मुलगे मारले गेलेल्या बापाला. मला तरुणपणी ही गोष्ट केवळ माणसाच्या हावरटपणावरची वाटायची, आणि विदुराला तेच म्हणायचं आहे. माझे यजमान गेल्यानंतर मात्र मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसायला लागली. विहीर खरी आहे, उंदीर खरे आहेत, पण मधही खराच आहे. तुम्ही लिहिलं आहे, 'जेवते, बोलते, हसतेही'. त्या 'ही'मध्ये अपराधीपणा आहे. तो काढून टाका. हसलात तर तो खोटेपणा नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने विचारते. टॉलस्टॉयने दोर लपवला, तसं तुम्हाला कधी काही लपवावंसं वाटलं आहे का? 'मग कशासाठी' हा विचार प्रश्न म्हणून येतोय तोवर तो पुस्तकांचा विषय आहे. तो निर्णयासारखा वाटायला लागला, किंवा झोप सलग मोडत राहिली, भूक गेली, दिवसाची कामं जड व्हायला लागली, तर पुस्तक मिटून मनोविकारतज्ज्ञाकडे जा. उद्या-परवा नाही, त्याच दिवशी, आणि घरातल्या माणसाला सांगून. झोपेबद्दल मात्र आताच डॉक्टरांशी बोला. आठ महिने फार होतात.

अर्थाच्या प्रश्नावर मी व्हिक्टर फ्रँकल यांचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' सुचवते. मराठीत अनुवादही आहे. फ्रँकल व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. नाझींच्या आउशवित्झसह चार छळछावण्यांतून ते जिवंत परतले. आई, वडील, भाऊ, पत्नी, कुणीच परतलं नाही. सुटकेनंतर त्यांनी हे पुस्तक सलग नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहवून घेतलं आणि ते १९४६मध्ये आलं. पहिला भाग छावणीतल्या दिवसांचा, तो वाचा. दुसरा त्यांच्या उपचारपद्धतीवरचा, तो राहिला तरी चालेल. त्यांचं मुख्य म्हणणं असं की आयुष्याचा अर्थ काय हे आपण विचारायचं नसतं. विचारणारं आयुष्य आहे. रोज, तासातासाला ते विचारतं, आणि उत्तर बोलून द्यायचं नसतं, समोरचं काम नीट करून द्यायचं असतं.

त्यात एका वृद्ध डॉक्टरांची हकिकत आहे. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली, दुःख सरत नाही. फ्रँकल त्यांना विचारतात, तुम्ही आधी गेला असता तर? डॉक्टर म्हणतात, तिचे फार हाल झाले असते. मग ते हाल तुम्ही तिचे वाचवलेत, फ्रँकल म्हणतात, त्याची किंमत म्हणून मागे राहून दुःख तुम्हाला सोसावं लागतंय. डॉक्टर काही न बोलता हात मिळवून निघून जातात. ही हकिकत मी अनेकदा वाचली आहे, आणि अनेकांना ती भलत्या ठिकाणी वापरतानाही पाहिलं आहे. ती दुसऱ्याला ऐकवायची नसते. आईला तर नाहीच. मुलगा आधी गेला यात कुठल्याही आईला अर्थ दिसणार नाही आणि दिसावा अशी अपेक्षाही करू नये. प्रत्येक दुःखाला अर्थ असतोच, असं फ्रँकलही म्हणत नाहीत. टाळता येण्यासारखं दुःख सोसत बसणं हे त्यांना मोठेपणाचं वाटत नाही.

आणि आईचा विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ तीन वाजताची नव्हती. 'ती दादाचं नाव काढत नाही, मीही काढत नाही' ही होती.

कठोपनिषद वाचलं असेल किंवा ऐकलं असेल. नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, म्हणून यम तीन वर देतो. मेल्यावर माणूस उरतो असं कुणी म्हणतं, नाही असं कुणी म्हणतं, खरं काय ते सांग, हा त्याचा सुप्रसिद्ध प्रश्न. यम त्याला पोरं-नातवंडं, हत्ती-घोडे, सोनं, दीर्घायुष्य, सगळं देऊ करतो, फक्त हे विचारू नको म्हणतो. सगळी व्याख्यानं या प्रश्नावर होतात. पण तो तिसरा वर आहे. पहिला वर कोणता मागितला? घरी वडील माझ्या काळजीत असतील, त्यांचं मन शांत होऊ दे, राग जाऊ दे, मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून जवळ घेऊ दे. खुद्द मृत्यू समोर उभा असताना मुलाला आधी घर आठवलं. तुम्हीही पहिला वर आधी मागा.

आईशी बोलायला सुरुवात कशी करायची, यासाठी अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल' वाचा. २०१४ सालचं आहे, गवांदे स्वतः सर्जन. म्हातारपण आणि अखेरचे दिवस यांत वैद्यकशास्त्र कुठे चुकतं, हे ते स्वतःच्या वडिलांच्या आजारासकट सांगतात. त्यात त्यांच्या एका सहकारी डॉक्टरची हकिकत आहे. या बाई अखेरच्या आजारातल्या रुग्णांचीच देखभाल करणाऱ्या. त्यांच्या वडिलांच्या मानेतल्या मज्जारज्जूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेत हातपाय कायमचे लुळे पडण्याचा धोका होता. आदल्या रात्री ती घरी जायला निघाली आणि अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, बाबांना खरं काय हवंय हे आपल्याला माहीतच नाही. ती परत फिरली आणि विचारलं, जगण्यासारखं काय उरलं तर तुम्हाला चालेल? वडील प्राध्यापक होते, तिला वाटलं ते काही थोर सांगतील. ते म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मी जगायला तयार आहे. पुढे रक्तस्राव होऊन काही मिनिटांत निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तिने सर्जनना तेवढंच विचारलं, या दोन गोष्टी जमतील का? जमतील म्हणाले. करा म्हणाली. ते त्यानंतर दहा वर्षं जगले.

दादाशी असं काही बोलायला वेळच मिळाला नाही, हे वाचताना तुम्हाला टोचेल. टोचू द्या. आई आहे. तिला लगेच मरणाबद्दल विचारू नका. दादा लहानपणी कसा होता एवढंच विचारा. ती गप्प बसली तर तुम्हीच एक आठवण सांगा आणि थांबा. ती तुम्हाला जपायला गप्प आहे आणि तुम्ही तिला जपायला, असं मला फार वाटतं. माझी सासूबाई आणि मी असं दीड वर्ष काढलं, एका घरात, एकाच माणसाला आठवत. ते दीड वर्ष मला परत मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. विनोबांच्या 'गीता प्रवचने'त एकनाथांची एक गोष्ट आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलत गेले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं, ते हे पुस्तक. एक जण एकनाथांना विचारतो, तुमचं आयुष्य इतकं निर्मळ कसं? नाथ म्हणतात, ते राहू दे, तुझं मरण सात दिवसांवर आलंय. तो घरी जाऊन निरवानिरव करतो, अंथरूण धरतो. सातव्या दिवशी नाथ येतात आणि विचारतात, या सात दिवसांत पाप किती झालं? तो म्हणतो, पापाचा विचार करायला सवड कुठे होती, मरण डोळ्यांपुढे होतं. विनोबा मरणाची आठवण ठेवा म्हणतात ते यासाठी. पण त्या माणसाने अंथरूण धरलं होतं हेही गोष्टीतच आहे. मरणाकडे टक लावून बसलं की माणूस आडवा होतोच. तेव्हा वाचनाला वेळ ठरवून घ्या. दिवसाउजेडी, अर्धा तास, मग उठून काहीतरी हाताचं काम. रात्री तीनला यातलं एकही पुस्तक उघडू नका. तेव्हा पाठ असलेलं काहीही चालेल, शाळेतली कविता, पाढे, काहीही. आणि वर्षभरात यातली दोन पुस्तकं झाली तरी भरपूर झालं.

राहिली ती रहस्यकादंबरी.

टॉलस्टॉयच्याही आधी ती काढा. पहिल्या पानापासून सुरू करा, शक्य झालं तर आईला मोठ्याने वाचून दाखवा. मुलाने शेवटच्या आठवड्यात काय वाचलं हे तिला कळेल. पहिली २१४ पानं तुमच्या आधी दादाने वाचलेली आहेत. कुठे त्याने अंदाज बांधला असेल, कुठे फसला असेल, ते तुम्हा दोघींना माहीत असणार, तुम्ही त्याला ओळखता. २१४ आलं की दुमडलेला कोपरा सरळ करू नका. तसाच राहू दे. पान उलटा आणि पुढे वाचा.

शेवटी गुन्हेगार कोण निघाला ते मला कळवा. आणि आईने कुणाचं नाव घेतलं होतं, तेही.